बेअरमनने हास सोडू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हास या फॉर्म्युला वन संघाचा तरुण ड्रायव्हर ऑलिव्हर बेअरमन याने पुढच्या वर्षी फेरारी संघात जाऊ नये, २०२७ मध्येही हासमध्येच राहावे, असे माझे ठाम मत आहे. ते मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. फेरारीच्या लुईस हॅमिल्टनने जानेवारीत ४१ वर्षे पूर्ण केली. त्याची जागा आज ना उद्या रिकामी होणार, आणि तिथे फेरारीच्याच अकादमीत घडलेला हा पोरगा बसावा, असे फॉर्म्युला वनच्या बहुतेक चाहत्यांना वाटते. त्यांचा उत्साह मला कळतो. पण त्यात त्या मुलाचे भले किती आणि आपली उत्सुकता किती, याचा विचार व्हायला हवा.

बेअरमन पहिल्यांदा सगळ्यांच्या नजरेत भरला तो मार्च २०२४ मध्ये, सौदी अरेबियातल्या जेद्दाहला. फेरारीच्या कार्लोस सेन्झला अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात जावे लागले आणि अठरा वर्षांच्या बेअरमनला ऐन वेळी फेरारीत बसवले गेले. सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या पात्रता फेरीपूर्वी त्याला सरावाचे एकच सत्र मिळाले. जगातल्या सर्वांत वेगवान रस्ता-सर्किटांपैकी एकावर, दोन्ही बाजूंना भिंती असताना, तो अकरावा सुटला आणि सातवा आला. तेव्हा मर्सिडीजमध्ये असलेला हॅमिल्टन आणि मॅक्लारेनचा लँडो नॉरिस त्याच्या मागे होते. त्या दिवसापासून ‘हा फेरारीचा पुढचा ड्रायव्हर’ हा शिक्का त्याच्यावर बसला. तो शिक्काच आता त्याला घाई करायला लावेल, ही माझी भीती.

२०२५ हा त्याचा हासमधला पहिला पूर्ण हंगाम होता. तो नीट पाहिला तर मी असे का म्हणतो ते कळेल. मोनॅकोत सराव सत्रात लाल बावटा (सत्र थांबवल्याची खूण) असताना त्याने दुसऱ्या गाडीला मागे टाकले, म्हणून त्याला सुरुवातीच्या क्रमात दहा जागा मागे जावे लागले. सिल्व्हरस्टोनला पुन्हा लाल बावटा असताना पिट लेनमध्ये (संघांच्या गॅरेजसमोरच्या मार्गावर) वेगात शिरताना तो भिंतीवर आदळला. पुन्हा दहा जागांची शिक्षा, शिवाय परवान्यावर चार दंडगुण. मोंझाच्या शर्यतीत सेन्झशी टक्कर झाली आणि दंडगुण दहावर पोचले. बारा झाले की एका शर्यतीची बंदी! वीस वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर हे ओझे होते. तरीही त्यानंतर सिंगापूर, ऑस्टिन, मेक्सिको आणि ब्राझील या चारही ठिकाणी त्याने गुण मिळवले. मेक्सिकोत हॅमिल्टन आणि रेड बुलचा मॅक्स व्हर्स्टापेन एकमेकांत गुंतलेले असताना तो डोके शांत ठेवून व्हर्स्टापेनच्या पुढे निघून गेला आणि चौथा आला. हासच्या इतिहासात याहून वरचा क्रमांक कुणालाच मिळालेला नाही. त्याआधी झांडफूर्टला तर सर्वांच्या मागून, पिट लेनमधून सुरुवात करून तो सहावा आला होता. वर्षअखेर त्याचे ४१ गुण झाले, आणि एक शर्यत जिंकलेला, अनुभवी संघसहकारी एस्तेबान ओकॉन ३८ वर राहिला.

आता हेच वर्ष फेरारीच्या लाल गाडीत काढले असते तर काय झाले असते? सिल्व्हरस्टोनच्या त्या अपघातानंतर इटलीतल्या वृत्तपत्रांनी आठवडाभर त्याला सोलून काढले असते. हासमध्ये त्याला तंबी मिळाली, काम पुढे चालू राहिले, आणि सहा-सात शर्यतींत चूक सुधारली. चुकायला जागा मिळणे ही क्रमवारीच्या मधल्या फळीतल्या संघाची सर्वांत मोठी देणगी आहे. ती पुढे कितीही पैसे मोजून मिळत नाही.

फेरारीतले वातावरण कसे आहे ते गेल्या नोव्हेंबरात साऱ्या जगाने ऐकले. ब्राझीलच्या वाईट शर्यतीनंतर खुद्द अध्यक्ष जॉन एल्कान यांनी जाहीरपणे सांगितले, की ड्रायव्हरांनी गाडी चालवण्याकडे लक्ष द्यावे आणि कमी बोलावे. हे ऐकून घेणाऱ्यांत सात वेळचा विश्वविजेता होता. त्याच हॅमिल्टनला फेरारीतल्या पहिल्या वर्षात चीनमधली स्प्रिंट, म्हणजे छोटी शर्यत, सोडली, तर मुख्य शर्यतीत एकदाही पहिल्या तिघांत येता आले नाही. कारकिर्दीत असे कधी झाले नव्हते. फर्नांडो अलोन्सो आणि सेबॅस्टियन व्हेटेल हेही विश्वविजेते म्हणून तिथे गेले आणि विजेतेपदाशिवाय परतले. फेरारीचा शेवटचा विश्वविजेता ड्रायव्हर २००७ चा किमी रायकोनन. एवढ्या मोठ्यांना जे पेलले नाही, ते दोन-तीन वर्षांच्या अनुभवावर या मुलाने पेलावे असे म्हणणे मला क्रूरपणाचे वाटते.

रेड बुल संघाची, व्हर्स्टापेनच्या शेजारची दुसरी गाडी तर अशा घाईची स्मशानभूमीच ठरली आहे. पिएर गॅसलीला रेड बुलच्याच दुय्यम संघात, टोरो रोसोत, एक पूर्ण हंगाम होताच २०१९ मध्ये वर उचलले, आणि बारा शर्यतींनंतर परत पाठवले. त्याच्या जागी आलेला ॲलेक्स अल्बॉन २०२० संपताच बाहेर पडला. गेल्या वर्षी लियाम लॉसनला तर फक्त दोन शर्यती दिल्या. मेलबर्न, शांघाय, आणि संपले! पुढे काय झाले तेही पाहा. गॅसली मधल्या फळीत परतल्यावर त्याच वर्षी ब्राझीलमध्ये दुसरा आला आणि २०२० मध्ये त्याने त्याच संघासाठी, म्हणजे नाव बदललेल्या अल्फा टाउरीसाठी, मोंझाची शर्यत जिंकली. अल्बॉनने विल्यम्समध्ये आपले नाव पुन्हा उभे केले. म्हणजे त्यांचे हात काही बिघडले नव्हते. व्हर्स्टापेनसाठी घडवलेल्या गाडीत, शेजारी तोच असताना, शिकायला उसंतच नव्हती. यंदा इसाक हजारची पाळी आहे. त्याला मनापासून शुभेच्छा, पण मला त्याची काळजी वाटते.

या सगळ्यात मला सर्वांत जवळचे उदाहरण वाटते ते सर्जिओ पेरेझचे, कारण त्याची गोष्ट आपल्या फोर्स इंडिया या संघाशी जोडलेली आहे. २०१२ मध्ये पेरेझ सॉबरमध्ये होता, आणि बेअरमनसारखाच फेरारीच्या अकादमीचा होता. त्या छोट्या संघाच्या गाडीत तो मलेशियात दुसरा, कॅनडात तिसरा आणि मोंझात दुसरा आला. सगळीकडे वाहवा झाली. मॅक्लारेनने हॅमिल्टनच्या जागी त्याला बोलावले आणि तो गेला. २०१३ ची मॅक्लारेन फसलेली निघाली, वर्षभरात संघाला एकदाही पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांत क्रमांक, मिळाला नाही, आणि हंगाम संपताच पेरेझला नारळ मिळाला. तेव्हा त्याला आसरा दिला फोर्स इंडियाने. ग्रेटर नोएडातल्या बुद्ध सर्किटवरची भारतीय शर्यत तोवर बंद पडली होती, पण तिरंग्याच्या रंगांतला तो संघ अजून धावत होता. मर्यादित पैशांत चालवलेल्या त्या संघाने २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षे चौथा क्रमांक पटकावला. त्यांच्या पुढे फक्त मर्सिडीज, रेड बुल आणि फेरारी होते. टायर जपून शेवटच्या फेऱ्यांत पुढे सरकण्याचे पेरेझचे कसब तिथे पक्के झाले. २०१८ मध्ये संघ दिवाळखोरीच्या दारात आला, तेव्हा पेरेझनेच कायदेशीर पाऊल उचलून तो प्रशासकाच्या ताब्यात जाईल असे पाहिले, आणि सुमारे ४०० माणसांच्या नोकऱ्या वाचल्या. पुढे रेसिंग पॉइंट झालेल्या त्याच संघासाठी डिसेंबर २०२० मध्ये बहरीनमधल्या साखीरला त्याने पहिला विजय मिळवला. रेड बुलचे दार त्यानंतर उघडले. म्हणजे मोठ्या संघात जाण्याची त्याची पहिली घाई वाया गेली, आणि मधल्या फळीत काढलेल्या सात वर्षांनी त्याला पुन्हा उभे केले.

माझ्या म्हणण्याविरुद्धची उदाहरणे मला ठाऊक आहेत. चार्ल्स लेक्लर्क २०१८ चे एकच वर्ष सॉबरमध्ये होता. २०१९ मध्ये फेरारीत येऊन त्याने स्पा आणि मोंझा लागोपाठ जिंकल्या. व्हर्स्टापेनला २०१६ मध्ये हंगामाच्या मध्येच बढती मिळाली आणि रेड बुलमधली पहिलीच शर्यत, बार्सिलोनाची, त्याने अठराव्या वर्षी जिंकली. किमी अँटोनेली तर थेट मर्सिडीजमध्ये आला. व्हर्स्टापेनवरून नियम काढता येत नाही, असे माणूस पिढीत एखादेच. अँटोनेलीही युरोपातल्या शर्यतींत बराच काळ चाचपडला. मर्सिडीजने त्याला सांभाळले म्हणून वर्षअखेर तो सावरला. लेक्लर्कचे उदाहरण मात्र मला खरोखर विचारात पाडते. इतका गुणी ड्रायव्हर, पण फेरारीतली सात वर्षे उलटली तरी विजेतेपद नाही. बेअरमन गेला तर त्याला या लेक्लर्कच्या शेजारी, लेक्लर्कच्या घरात बसायचे आहे.

अर्थात, मधल्या फळीत नुसते पडून राहा, असे मी म्हणणार नाही. निको हल्केनबर्गने पदार्पणाच्या वर्षी, २०१० मध्ये, विल्यम्ससाठी ब्राझीलला पोल पोझिशन, म्हणजे सर्वांच्या पुढून सुटण्याची जागा, मिळवली होती. पहिल्या पोडियमसाठी मात्र त्याला जुलै २०२५ ची, कारकिर्दीतल्या २३९ व्या शर्यतीची वाट पाहावी लागली. सिल्व्हरस्टोनला तो एकोणिसावा सुटून तिसरा आला तेव्हा माझे डोळे भरून आले, पण अशी कारकीर्द कुणाच्या वाट्याला यावी असे वाटत नाही. दुसऱ्या बाजूला नॉरिस. २०१९ मध्ये तो आला तेव्हा मॅक्लारेन मधल्या फळीतच होती. २०२३ च्या सुरुवातीला तर ती गाडी जवळजवळ सर्वांच्या मागे होती. तरी त्याने करार वाढवले, संघाबरोबर राहिला. पहिला विजय मायामीत, २०२४ मध्ये, ११० व्या शर्यतीत. गेल्या डिसेंबरात अबू धाबीला तो व्हर्स्टापेनपेक्षा फक्त दोन गुणांनी पुढे राहून विश्वविजेता झाला. हल्केनबर्ग संघ बदलत राहिला आणि त्याला वर जाणारा संघ सापडला नाही. नॉरिसचा संघ त्याच्यासकट वर गेला. तेव्हा प्रश्न एवढाच, की हास वर जात आहे का?

माझे उत्तर होय असे आहे. २०२३ मध्ये हास १२ गुणांसह शेवटच्या, दहाव्या क्रमांकावर होता. जानेवारी २०२४ मध्ये संघाची सूत्रे अयाओ कोमात्सु या मूळच्या इंजिनिअरकडे आली. त्या वर्षी ५८ गुण झाले, पुढच्या वर्षी ७९. क्रमांक सातवा-आठवाच राहिला, कारण मधल्या फळीत चुरस भयंकर आहे, पण गुण पाहा. ऑक्टोबर २०२४ मध्ये टोयोटाशी भागीदारी झाली आणि यंदा तर टोयोटाच्या रेसिंग विभागाचे नाव संघाच्या नावात आले आहे. हासचे इंजिन, गिअरबॉक्स फेरारीचे असते, म्हणून हास कधीच फेरारीच्या पुढे जाणार नाही, असे कोणी म्हणेल. हासची मर्यादा खरी आहे. पण मॅक्लारेननेही मर्सिडीजचे इंजिन विकत घेऊनच २०२४ आणि २०२५ ची सांघिक विजेतेपदे जिंकली.

शिवाय यंदाचे वर्ष निर्णय घेण्याचे नव्हेच, कारण गाड्यांचे नियमच बदलले आहेत. इंजिनाची निम्मी ताकद आता विजेवर, पंख सरळ रस्त्यावर आणि वळणावर वेगवेगळ्या स्थितीत, डीआरएस (पुढच्या गाडीला गाठण्यासाठी मागचा पंख उघडण्याची सोय) बंद, गाड्या लहान आणि हलक्या. इंजिनाचे नियम असेच मुळापासून बदलले २०१४ मध्ये, तेव्हा चार विश्वविजेतेपदे मिळवलेल्या व्हेटेलला वर्षभरात एकही शर्यत जिंकता आली नाही. २०१२ च्या शेवटी हॅमिल्टनने मॅक्लारेन सोडून त्या वर्षी पाचव्या आलेल्या मर्सिडीजची वाट धरली, तेव्हा अनेकांनी त्याला वेड्यात काढले होते. त्याने संघाच्या नावापेक्षा पुढे येणाऱ्या गाडीकडे पाहिले. बेअरमनने आणि त्याच्या सल्लागारांनीही ऑगस्टच्या सुट्टीपर्यंत कोणत्याही कागदावर सही करू नये. कोणती गाडी खरी वेगवान आहे ते तोवर दिसेल.

मधल्या फळीतली जागा म्हणजे कमीपणा, हा समजही आपण सोडायला हवा. मुंबईचा जेहान दारूवाला रेड बुलच्या ज्युनिअर संघात होता, त्याने एक पायरी खालच्या फॉर्म्युला टूच्या शर्यती जिंकल्या, तरी त्याला फॉर्म्युला वनमध्ये मागच्या रांगेतलीही जागा मिळाली नाही. कॅडिलॅक हा अकरावा संघ आल्यावर यंदा जगात अशा जागा झाल्या आहेत बावीस.

एक विनंती आपल्यालाही. आपल्याकडच्या क्रीडा पानांवर फॉर्म्युला वनची बातमी विजेत्याच्या नावापाशी संपते. निदान पहिले दहा क्रमांक, संघांच्या नावांसह, छापावेत. कोण सातवा आला आणि कोणत्या गाडीत आला हे कळले, तर वाचकांना या मुलांची मेहनत दिसेल, आणि ‘अजून हासमध्येच आहे का?’ असे कोणी विचारणार नाही.

आपला,
एक वाचक, सांगली