चिलटाच्या मेंदूतली सरमिसळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फळमाशीच्या, म्हणजे आपल्या साध्या चिलटाच्या, मेंदूतल्या १,३९,२५५ पेशींच्या नकाशावरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. लेख छानच, पण 'प्रत्येक तार ठरलेल्या जागीच जाते' हे वाक्य खटकलं.

मी टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर होतो. भर पावसात खड्ड्यात बसून शंभर पेअरची (म्हणजे तारांच्या शंभर जोड्यांची) केबल जोडताना पांढरा-निळा, पांढरा-नारंगी, पांढरा-हिरवा असं पुटपुटत राहायचं. एक पेअर चुकली की डॉक्टरांचा फोन पिठाच्या गिरणीत वाजायचा. त्यामुळे मलाही आधी तसंच वाटायचं.

माझी पुतणी याच विषयात पीएच.डी. करते. गणपतीत आली तेव्हा केळ्यांवर घोंघावणारी चिलटं दाखवत म्हणाली, ''काका, यांच्या मेंदूत वासाच्या पन्नासेक वाहिन्या येतात. पुढे अळंबीसारख्या भागात एकेका बाजूला दोनेक हजार पेशी, आणि प्रत्येकीला सरासरी सात जोड. कुठले सात? हाताला लागतील ते!'' २०१३ मध्ये रिचर्ड अ‍ॅक्सेल आणि लॅरी अ‍ॅबट या शास्त्रज्ञांच्या गटाने हे जोड तपासले, त्यांना त्यात काही क्रम सापडला नाही. असा जॉइंट मी केला असता तर घरी पाठवला असता मला. पण मेख तिथेच आहे. पिकलं केळं आणि आंबलेलं केळं यांचे वास जवळजवळचे. सरमिसळीमुळे दोघांसाठी वेगवेगळ्या पेशी जाग्या होतात. त्यातला चांगला कुठला, वाईट कुठला, हे चिलट पुढच्या जोडांवर शिकतं.

त्याच मेंदूतलं दिशेचं होकायंत्र मात्र माझ्या शिस्तीचं. सीलिग आणि जयरामन या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये दाखवलं की चिलट वळलं की तिथल्या पेशींच्या गोलात जाग्या असलेल्या पेशींचा ठिपकाही सरकतो, अगदी अंधारातसुद्धा. इथे अंदाधुंद जोडणी केली तर ठिपका कुठेतरी अडकून बसेल.

नुसती सरमिसळही धोक्याचीच. सोम्पोलिन्स्की आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये गणिताने दाखवलं की असे जोड एका मर्यादेपलीकडे बळकट झाले की पेशींचं जाळं बाहेरून काही न येताही बडबडत राहतं, थांबतच नाही. आमच्या भाषेत क्रॉसटॉक (एका लाइनवरचं बोलणं दुसरीवर ऐकू येणं) म्हणा हवं तर.

तेव्हा ते वाक्य दुरुस्त करावं. आणि आकृतीत होकायंत्र आहे, वासाचा अळंबीसारखा भाग मात्र गाळलाय. पुढच्या वेळी तोही छापा.

आपला,
एक निवृत्त केबल जॉइंटर, मिरज