कोलंबसहून पत्र

कोलंबस, ओहायो

प्रिय वैशू,

"पोरं उद्धट वागली तर बाईंनी काय आरती ओवाळायची?" हा तुझा फोनवरचा प्रश्न. मी हसले आणि उत्तर राहूनच गेलं. रोज वर्गभर पोरं तू सांभाळतेस, तुला शिस्त शिकवायला मी कोण! पण इथलं ऐक.

कॉलेजच्या लीगल क्लिनिकतर्फे आम्ही विद्यार्थी सस्पेंड झालेल्या मुलांची अपिलं चालवतो, मागे वकीलबाई असतात. येणारी बहुतेक मुलं कृष्णवर्णीय. अमेरिकी संसदेच्या हिशेब तपासनीसांनी २०१८ मध्ये अहवाल दिला: २०१३-१४ साली सरकारी शाळांत ही मुलं साडेपंधरा टक्के, सस्पेंड झालेल्यांत ३९ टक्के. गरिबीमुळे असेल, म्हणशील. पण खात्यापित्या वस्तीतल्या शाळांतही तफावत होतीच.

परवाचा मुलगा सातवीतला, आजीचं बोट धरायचं वय सरलेला, तरी तिला चिकटून बसलेला. कागदावर कारण एवढंच: वर्गात अडथळा. दहा दिवस घरी. नेमकं केलं काय? बाईंनी डोक्यावरचं हूड काढायला सांगितलं, हा "एक मिनिट" म्हणाला आणि लिहीत राहिला. त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. आजी मात्र पक्की! शाळेला केलेला प्रत्येक फोन, कोण काय बोललं, सगळं लाइटबिलाच्या पाठीमागे तारीखवार. सुनावणीत आमच्या कायद्यापेक्षा ते बिलच जास्त बोललं. सस्पेंशन तीन दिवसांवर आलं. ते तर भोगून झालं होतं.

आणि आपलं म्हणणं मांडायचा हा हक्क मिळवला याच गावातल्या पोरांनी. १९७१ मध्ये शाळेच्या कँटीनमध्ये मोडतोड झाली, ड्वाइट लोपेझ या विद्यार्थ्याला सस्पेंड केलं. तो म्हणे, मी नुसता उभा होतो. १९७५ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं: दहा दिवसांपर्यंतचं सस्पेंशन असलं तरी आरोप सांगा, मुलाला नाकबूल असेल तर पुरावा सांगा, त्याचं ऐकून घ्या. उभ्याउभ्या, दोन मिनिटांत केलं तरी चालतं. वकील द्यायची सक्तीसुद्धा नाही. इतकं थोडकं, तेही जिवावर येतं यांच्या!

आपल्याकडे आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं, कलम १६ आहे, आठवी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. पण "उद्यापासून येऊ नकोस" हे तोंडी सांगितलेलं कुठल्या रजिस्टरात सापडणार? तुमच्या बाजूला पालावरची पोरं येतात ना शाळेत? त्यांना असं कोण सांगतं, कशावरून सांगतं, ते खरंखरं लिही. स्टाफरूमची बाजू सावरू नकोस.

तुझी,
मृणाल