डिस्चार्जच्या दिवशीच ‘कायमची मुक्तता’?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातली ‘श्वास झाला मोकळा’ ही बातमी वाचली. श्वासनलिका अरुंद झालेला त्यातला तरुण बरा होऊन घरी गेला याचा मनापासून आनंद आहे. पण फुग्याने श्वासनलिका रुंद केल्याच्या दुसऱ्याच दिवशी ‘कायमची मुक्तता’ असे आपण कशाच्या आधारावर छापले?

माझ्या धाकट्या भावाचाही असाच पुष्पगुच्छ घेतलेला फोटो निघाला होता. २०२१ च्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो व्हेंटिलेटरवर होता. घरी आल्यावर काही आठवड्यांनी जिना चढताना दम लागू लागला. सगळीकडे दमा म्हणून पंप मिळाले. दम्याचा आवाज बहुधा श्वास सोडताना येतो, याचा घेताना येत होता. आई हे प्रत्येक डॉक्टरांना सांगायची, पण स्टेथोस्कोप छातीवरून गळ्यापर्यंत कुणी नेलाच नाही. दुर्बीण टाकली तेव्हा कळले, की व्हेंटिलेटरच्या नळीने झालेल्या जखमेचा व्रण आकसून नलिका अरुंद झाली आहे.

मग फुगा घालून नलिका रुंद केली. कागदावर ‘शस्त्रक्रिया यशस्वी’. थोड्याच दिवसांत पुन्हा तोच आवाज. गावातल्या डॉक्टरांनी तो कागद पाहून ‘आता नलिका मोकळी आहे, घाबरू नका’ म्हणत परत पाठवले. त्या रात्री त्याला आडवे होता येत नव्हते. पहाटे ॲम्ब्युलन्समधून पुण्याला नेले, तेव्हा तिथले डॉक्टर शांतपणे म्हणाले, ‘असं होतं, पुन्हा करू.’ होते, तर आधी का सांगितले नाही? नातेवाइकांची सही घेताना एवढे एक वाक्य जड होते का?

पुन्हा पुन्हा फुगा झाल्यावर शेवटी गळा उघडून नलिकेचा अरुंद तुकडा काढला आणि टोके जोडली. मान वर होऊ नये म्हणून हनुवटी टाक्यांनी छातीशी बांधली होती. बोस्टनच्या डॉ. हर्मिस ग्रिलो यांनी अशा ५०३ रुग्णांचे निकाल १९९५ मध्येच मांडले आहेत: नव्वद टक्क्यांहून अधिक जणांना चांगला किंवा समाधानकारक गुण, पण काही अपयश आणि मृत्यूही. ते त्यांनी लपवले नाहीत. कारण न सापडणाऱ्या अरुंदपणाचा आजार वेगळा. त्याच्या २०२० च्या ८१० रुग्णांच्या अभ्यासात दुर्बिणीतून रुंद केलेल्यांपैकी २८ टक्क्यांना पुन्हा उपचार लागले, तुकडा काढून जोडलेल्यांपैकी जेमतेम एका टक्क्याला. मात्र त्यांचा आवाज जास्त बिघडला. निवड रुग्णाने करायची, तर हे सगळे त्याच्यासमोर ठेवायला नको?

अतिदक्षता विभागांबद्दलही लिहा. अशी जखम होऊ नये म्हणून व्हेंटिलेटरच्या नळीभोवतीच्या हवेच्या फुग्याचा (‘कफ’चा) दाब साधारण २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका ठेवायचा असतो. तो मोजायचे साधे उपकरण मिळते. आपल्या जिल्ह्यात किती ठिकाणी ते रोज वापरतात, हे आपल्या वार्ताहराने विचारावे. त्या तरुणालाही वर्षभराने फोन करावा आणि तो जे सांगेल ते त्याच पानावर तेवढ्याच जागेत छापावे.

आणि त्या बातमीखालीच ‘दमा मुळापासून बरा, गॅरंटी’ अशी जाहिरात होती. दमा नसलेल्या माणसाचे महिने दम्याच्या औषधात गेलेले आमच्या घराने पाहिले आहेत. निदान आरोग्याच्या पानावर तरी असल्या जाहिराती घेऊ नका.

— एक वाचक, इचलकरंजी