कोलोनहून, आई-आबांना

आई, आबा, साष्टांग नमस्कार.

फोनवर आवाज तुटतो अन् निम्मं राहूनच जातं, म्हणून टाईप करून पाठवायलोय, ताईकडून वाचून घ्या. मी एकदम ठीक आहे. जेवण, ऑफिस आधीसारखंच, त्याचं काय सांगू.

आधी त्या चर्चमधल्या फोटोचं. मामी काय म्हणाल्या ते कळलं. आई, मी इथलं मोठं चर्च, कोलोनचं कॅथेड्रल, बघायला गेलतो, धर्म बदलायला नाही. तू दिलेली भवानी देव्हाऱ्यात तशीच आहे, रोज दिवा लावतो. झालं असं की इथं जर्मनीत रविवारी दुकानं बंद, ते एक ठीक, पण घरातसुद्धा आवाज करायचा नाही. ड्रिल नाही, ठोकाठोकी नाही, काचेच्या रिकाम्या बाटल्या रस्त्यावरच्या डब्यात टाकायच्या नाहीत कारण खळ्ळकन वाजतात. मी आबांचा फोटो लावायला खिळा ठोकायलो तर खालच्या आजी वर आल्या, भांडायला नाही, हळूच सांगायला. आपल्याकडं रविवारीच तर मिस्त्री सापडतो! म्हणून रविवारी बाहेर पडतो अन् पाय तिकडंच वळतात.

आबा, तुम्हाला आवडेल असं आहे ते. काम काढलं १२४८ ला. गाभाऱ्याकडचा भाग १३२२ ला झाला, मग एक बुरूज अर्धा चढला, काम रखडत गेलं अन् सोळाव्या शतकात बंदच पडलं. अर्ध्या बुरुजावर दगड उचलायची लाकडी क्रेन होती ती तशीच उभी, चारेकशे वर्षं. १८४२ ला परत काम धरलं, १८८० ला पूर्ण, १५७ मीटर उंच. औंढ्याच्या देवळाला कसं खालचा कोरीव दगड जुना अन् वरचं शिखर नंतरचं हे बघताच कळतं, इथं तसं पटकन कळत नाही, कारण चामड्यावर काढलेला जुना नकाशा सापडला, अर्धा १८१४ ला डार्मश्टाटला, अर्धा १८१६ ला पॅरिसात, अन् बुरूज त्याच नकाशाबरहुकूम चढवले. महायुद्धात चौदा बॉम्ब पडले तरी उभं राहिलं. ५३३ पायऱ्या चढून गेलो, मधोमध झिजून खोलगट झाल्यात, आपल्या बारवेसारख्या. पाथरवट अजून कामाला आहेत, काळ्या पडलेल्या दगडांत मधेच एक नवा फिकट दगड बसवलेला दिसतो, त्याला हात लावून बघितला.

तेव्हा आपल्या गच्चीवरच्या सळया आठवल्या. लोक काय म्हणायलेत ते मनावर घेऊ नका आबा, मी आहे ना.

दिवाळीला येणं होत नाही, सुट्टी मिळाली नाही. तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनला पण नव्हतो, ते मनातून जात नाही. नांदेडच्या स्थळाला नाही म्हणू नका, फक्त उन्हाळ्यापर्यंत थांबायला सांगा, मी येऊन मुलीशी बोलतो. ताईच्या खात्यावर एक लाख वीस हजार टाकलेत, स्लॅबचेच आहेत, हळदीच्या शिजवणीला मोडू नका, त्याचे वेगळे पाठवतो. अन् तोपर्यंत सळयांना सिमेंटचं पाणी मारून घ्या, पाऊस झालाय, गंजतील.

तुमचाच,
बाळू