चौथं अक्षर: इस्रायलमधल्या डिमोनाच्या मावशींना पत्र

मावशी, शालोम.

व्हॉट्सॲपवर तुम्हाला चार वेळा थँक्यू लिहिलं आणि चारही वेळा तुम्ही नुसता हात जोडल्याचा इमोजी पाठवलात, म्हणून आता बसून नीट लिहितोय, सगळ्यांना वाचता येईल असं. ठाण्यात, पनवेलला, अलिबागला आपली बेने इस्राएल ज्यूंची अजून घरं आहेत जिथे म्हातारं माणूस गेलं की कोणालातरी अचानक हिब्रू नावाची अक्षरं शोधत बसावं लागतं, त्यांच्याही कामाला येईल.

पप्पांना जाऊन दहा महिने झाले होते आणि वर्षाच्या आत कबरीवर दगड बसवायचा होता. आपल्याकडे दगडावर तीन भाषा असतात, हिब्रू, मराठी, इंग्लिश. मराठी आणि इंग्लिशचं काम पाच मिनिटांत झालं, हिब्रूला मी अडकलो. मला प्रार्थना येतात पण त्या लहानपणी देवनागरीत लिहून घेतलेल्या वहीतून पाठ केलेल्या, अक्षरं जेमतेम ओळखतो. पप्पा शाळेच्या दाखल्यावर सॅम्युएल, आजीच्या तोंडी सामा, आणि ज्यांच्यावरून त्यांचं नाव ठेवलं ते आजोबांचे आजोबा गावच्या जुन्या कागदांवर सामाजी. यातलं दगडावर काय जायचं? एवढं माहीत होतं की हिब्रूत शमुएल म्हणतात. मग नेटवर अर्थ शोधला, सगळीकडे एकच, "देवाने ऐकले". ऐकणे म्हणजे शमा, शमाची अक्षरं शिन, मेम, अयिन. मी म्हटलं बरोबर, नावात अयिन पाहिजेच, आणि चौथ्या जागी अयिन टाकून कागद दगडवाल्याला दिला. तो बिचारा हिब्रू वाचत नाही, चित्र काढल्यासारखं जसंच्या तसं काळ्या ग्रॅनाइटवर पांढऱ्या पेन्सिलीने उतरवलं आणि फोटो पाठवला.

तो फोटो बहिणीच्या सासूबाईंच्या ओळखीतून फिरत फिरत तुमच्यापर्यंत पोचला. तुम्ही मला ओळखत नव्हतात, पप्पांना तर कधी पाहिलंही नव्हतंत. रात्री साडेअकराला तुमचा व्हॉइस मेसेज आला, तो मी अजून ठेवलाय. "बाळा, थांबव त्याला. चौथं अक्षर चुकलंय. छिन्नी लावू देऊ नको."

सकाळी सातला दगडवाल्याच्या दारात उभा होतो मी.

त्यानंतर आठवडाभर तुम्ही जे मेसेज पाठवत राहिलात, कधी स्वयंपाक करता करता, मागे कुकरची शिट्टी, कधी डिमोनाच्या बाजारातून, त्यासाठी खरं हे पत्र आहे. चूक दाखवून तुम्ही थांबू शकला असतात. पण तुम्ही म्हणालात की नाव दगडावर घालतोयस तर त्यात काय आहे ते माहीत असू दे.

आधी ती दोन अक्षरं. अयिन म्हणजे दोन फाट्यांची बेचकी, अलेफ म्हणजे एक तिरकी काठी आणि तिला वर खाली एकेक हात, हे तुम्ही सांगितलंत तेव्हापासून मी ती कधीच विसरणार नाही. आपल्या कानाला दोन्ही सारखीच, देवनागरीत दोन्हीचा अ होतो, त्यामुळे माझ्या वहीतून ती कधी वेगळी झालीच नव्हती. तुमची येमेनी शेजारीण अयिन घशातून काढते, तिला तुम्ही फोनवर बोलायला लावलंत, दोनदा, तेव्हा कुठे मला फरक ऐकू आला.

मग तुम्ही म्हणालात, ज्या नावांमध्ये खरोखर शमा आहे त्यांच्यात अयिन टिकून आहे. शिमोन बघ, त्याची आई लेआ म्हणाली देवाने ऐकलं, आणि नावात अयिन आहे. इश्माएल बघ, त्याच्या आईचं, हागारचं दुःख देवाने ऐकलं, तिथेही अयिन आहे आणि पुढे एलचा अलेफ वेगळा. शमुएलमध्ये शिन, मेम, वाव, अलेफ, लामेद एवढीच पाच अक्षरं. अयिन नाही. म्हणजे "देवाने ऐकले" हा अर्थ लोकांच्या मनात बसलेला आहे, प्रेमाचा आहे, पण अक्षरांत तो सरळ सापडत नाही, त्यासाठी मधला अयिन गळाला असं धरावं लागतं.

मी जरा खट्टूच झालो होतो ते ऐकून, तुम्हाला आवाजावरून कळलं असणार. कारण घरात आजी नेहमी म्हणायची, "सामा माझा नवसाचा, देवानं ऐकलं हो माझं." लग्नाला नऊ वर्षं झाली तरी मूल नाही म्हणून तिने अलिबागजवळ खंडाळ्याला, जिथे एलियाहू हनाबींच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, रथाच्या खुणा खडकावर आहेत म्हणतात, तिथे मलिद्याचा नवस बोलला होता. पप्पा झाल्यावर पोहे, गूळ, खोबरं, फळं सगळं घेऊन बैलगाडीने जाऊन तो फेडला. ही गोष्ट आमच्या घरी इतक्या वेळा सांगितली गेलीय की मला त्या गाडीतल्या पोह्यांचा वास येतो.

ते तुम्हाला सांगितल्यावर तुम्ही थोडा वेळ गप्प होतात, आणि मग म्हणालात, "अरे मग तुझ्या आजीने हन्नाचीच गोष्ट जगली की."

मला हन्ना माहीत होती, पण वरवर. तुम्ही ती माजघरात बसून सांगावी तशी सांगितलीत. एल्कानाच्या दोन बायका, पनिन्नाला मुलं आणि हन्नाला नाही, पनिन्ना टोचून टोचून बोलणार, आणि नवरा बिचारा म्हणतो रडतेस कशाला, मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का. (तुम्ही इथे म्हणालात की पुरुषांना कधी कळणार नाही.) शिलोला यात्रेला गेल्यावर हन्ना देवळात एकटी उभी राहून नवस बोलते, ओठ हलतात पण आवाज नाही, आणि तिथला म्हातारा याजक एली तिला चक्क दारू प्यायलेली समजतो. ती म्हणते नाही महाराज, मी प्यायलेली नाही, मी माझं मन देवापुढे ओततेय. आणि याच बाईच्या त्या बिनआवाजी ओठांवरून तालमूदमध्ये नियम काढलेत की प्रार्थना कशी करायची, ओठ हलवायचे पण आवाज बाहेर पडू द्यायचा नाही. आपण आजही उभं राहून जी अमिदा पुटपुटतो ती तिच्यासारखी, हे मला चाळिशी उलटल्यावर तुमच्याकडून कळलं.

मूल झाल्यावर हन्ना त्याचं नाव शमुएल ठेवते आणि कारण देते, "कारण मी त्याला देवाकडे मागितलं." इथे तुम्ही मेसेज थांबवून मला विचारलंत, मागणे याला हिब्रूत काय म्हणतात? शाअल. मग मागितलेला म्हणजे? शाऊल. मग मुलाचं नाव शाऊल का नाही ठेवलं? मी म्हटलं मला काय माहीत मावशी. तुम्ही हसलात आणि म्हणालात, हा प्रश्न मोठमोठ्या लोकांना पडलाय, काही अभ्यासक तर म्हणतात की ही जन्मकथा मुळात शाऊल राजाची असावी. पुढे हाच शमुएल म्हातारपणी त्याच शाऊलला तेल लावून पहिला राजा करतो, आणि लोक राजा "मागतात" तेव्हाही तेच क्रियापद, शाअल. पण जुन्या भाष्यकारांचं म्हणणं तुम्हाला जास्त आवडतं, की शमुएल म्हणजे "शाऊल मे-एल", देवाकडे मागितलेला, ते सगळं एकात आवळून. तुम्ही मला कागदावर अक्षरं लिहायला लावलीत. शाऊल: शिन, अलेफ, वाव, लामेद. शमुएल: शिन, मेम, वाव, अलेफ, लामेद. शाऊलची चारही अक्षरं शमुएलच्या पोटात आहेत आणि वर फक्त एक मेम.

तो कागद माझ्या पाकिटात आहे.

तिसरा अर्थही तुम्ही सांगितलात, भाषेचे अभ्यासक ज्याला जास्त मानतात तो. शेम म्हणजे नाव, आपण देवाला हाशेम म्हणतो ना, तो शेम. मधला उ हा फार जुन्या व्याकरणाचा उरलेला प्रत्यय, आणि शेवटी एल म्हणजे देव. देवाचं नाव, किंवा त्याचं नाव एल. अक्षरं अगदी चपखल बसतात, ओढाताण करावी लागत नाही. मला तरीही मागितलेलाच जवळचा वाटतो, आजीमुळे. व्याकरण आणि गोष्ट यात भांडण लावायचं नाही, हन्नाला व्याकरण माहीत होतं तरी तिने मागितलेला म्हटलं, हे तुमचं वाक्य.

आणि सामाजी! हे नाव मला लहानपणी गावठी वाटायचं मावशी, शाळेत कोणी विचारलं तर मी सांगायचो नाही. मला वाटायचं खरं नाव सॅम्युएल आणि सामाजी म्हणजे त्याचं बिघडलेलं. तुम्ही ते उलटं करून दाखवलंत. सॅम्युएल ग्रीकमधून फिरून आलंय, ग्रीकांना श नव्हता म्हणून त्यांनी सामुएल केलं, तेच लॅटिनमधून इंग्रजांकडे गेलं आणि इंग्रजांकडून आपल्या दाखल्यावर. सामाजी मात्र कोकणातच घडलं, तेल गाळणाऱ्या, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या आपल्या माणसांनी शिवाजी, तानाजी, संभाजीच्या शेजारी राहून घडवलं, शामरावाचा गावात सामराव होतो तसं. एलियाहूचे एलोजी, मूशेचे मुसाजी, अब्राहमचे अब्राजी, यहेज्केलचे हसाजी. आणि मांडवीतले सामाजी हसाजी दिवेकर, इंग्रजांच्या पलटणीत होते, टिपूच्या कैदेत सापडले, सुटलो तर देवाचं घर बांधीन असा त्यांचाही नवसच होता म्हणतात, आणि १७९६ मध्ये मुंबईतली आपली पहिली मशीद, म्हणजे सिनेगॉग, उभी केली, शाअर हारहामीम, दयेचं दार. शेजारच्या रस्त्याला इंग्रजांनी सॅम्युएल स्ट्रीट नाव दिलं पण माणूस होता सामाजी. मी त्या भागात पंधरा वर्षं नोकरीला जात होतो, कधी डोक्यात आलं नाही की हे पप्पांचं नाव आहे.

अयिन गेल्याचं माझं जे थोडं वाईट वाटणं होतं ना, तेही तुम्हीच भरून काढलंत. आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले तेव्हा पोथ्या बुडाल्या, सगळं विसरलं, एक शेमा ही प्रार्थना तेवढी तोंडात राहिली, सुंता असो लग्न असो मौत असो तीच म्हणायची, हे आपण लहानपणापासून ऐकतो. तुम्ही मला तोरातल्या त्या ओळीचा फोटो पाठवलात. शेमा इस्राएल. त्यात शेमाचा अयिन बाकीच्या अक्षरांपेक्षा मोठा काढलेला, आणि ओळीच्या शेवटी एहादचा दालेतही मोठा, दोन्ही मिळून एद, साक्षीदार. तुम्ही खाली लिहिलंत, "तुझा अयिन इथे आहे बघ. दगडावर नको, तोंडात ठेव."

दगडाच्या तळाशी जी पाच अक्षरं असतात त्यांचं तर मी कधी विचारलंच नव्हतं, सगळ्यांच्या कबरीवर असतात म्हणून घातली होती. ती एका वाक्याची आद्याक्षरं: त्याचा जीव जिवंतांच्या पुरचुंडीत बांधलेला राहो. तुम्ही पुरचुंडी म्हणालात, गाठोडंही नाही, आणि मला आजीच्या लुगड्याच्या पदराची गाठ दिसली ज्यात ती सुपारी आणि आठ आणे बांधायची. ती ओळसुद्धा शमुएलच्याच ग्रंथातली, पहिल्या भागातली, अबिगाईल दावीदला म्हणते ती. म्हणजे वर पप्पांचं नाव आणि खाली त्याच नावाच्या ग्रंथातली ओळ.

दगड गेल्या रविवारी बसवला. ऊन होतं, माणसं दहाच्या वर जमली त्यामुळे कद्दीश, गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणता आला. माझी मुलगी आठ वर्षांची आहे, तुमचे मेसेज ती माझ्याबरोबर ऐकायची, तिने उजवीकडून बोट फिरवत अक्षरं म्हटली, शिन, मेम, वाव, आणि अलेफपाशी थांबून दगडवाल्याकडे बघितलं आणि म्हणाली, काका, हे बरोबर आलं. तो माणूस मुद्दाम आला होता बघायला. त्याने खोडरबरने बेचकी पुसून काठी आणि दोन हात काढले तेव्हा एक पैसा जास्त घेतला नाही, त्याचेही आभार.

हन्ना मुलाला शिलोला ठेवून आल्यावर दर वर्षी त्याच्यासाठी एक छोटा अंगरखा शिवून न्यायची, हे तुम्ही शेवटच्या मेसेजमध्ये सांगितलंत आणि म्हणालात की मला नाव वगैरे सगळं एका बाजूला, तो अंगरखा जास्त आवडतो. मला शिवता येत नाही. पण बहिणीचा दीर पुढच्या महिन्यात तिकडे येतोय, त्याच्याबरोबर दोन किलो कोकमं, घरचा मसाला आणि त्या दगडावरच्या अक्षरांचा कागदावर पेन्सिल घासून घेतलेला ठसा पाठवतोय. नव्याच्या सणाला, आपल्या नव्या वर्षाला, तुमच्याकडे पहिल्या दिवशी हन्नाची गोष्ट वाचतील तेव्हा आम्ही इथे ती ऐकत असू आणि चिकाचा हलवा ढवळत असू, तुमच्या पद्धतीने, नारळाचं दूध जास्त घालून.

सामान पोचलं की कळवा. या वेळी इमोजी नको, बोला.

तुमचा,
बेन शमुएल, ठाणे