थेरपी परत लावतोयस तर आईचं थोडं ऐक

ओंकार बाळा,

काल तुझा मेसेज आला, आई मला परत स्पीच थेरपी लावायचीये, मीटिंगमधे अर्धं बोलणं सुटतं आणि माझं बोलणं नवीन लोकांना पटकन कळत नाही. खूप वेळ तोच वाचत बसले. तुला ऐकू कमी येतं म्हणून लहानपणी थेरपीला मीच ओढत न्यायचे आणि आता चोविसाव्या वर्षी तू स्वतःहून म्हणतोयस.

तू अडीच वर्षांचा होईपर्यंत सगळे सांगायचे मुलगे उशिराच बोलतात, एका डॉक्टरांनी तर मागे ताट वाजवलं, तू वळलास, म्हणाले ऐकू येतंय की. ताट ऐकू येणं वेगळं आणि बोलणं समजणं वेगळं हे आम्हाला बेरा टेस्ट, म्हणजे आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो ती कानाची तपासणी, झाल्यावर कळलं, तोवर किती दिवस गेले रे, ते अजून मनातून जात नाही. मग नाशिकरोडहून सकाळची पंचवटी एक्सप्रेस, दादरला उतरून लोकलने वांद्रे, अली यावर जंग या वाचा-श्रवण संस्थेत. घरी रोज सकाळी तुझ्या पाठीमागे उभं राहून आ, ऊ, ई, म, श, स म्हणायचे, ऐकू आलं की तू हात वर करायचास. 'स'ला तू हात वर केला नाहीस की मी आधी तुझ्या कानाच्या मशीनच्या मोल्डच्या, म्हणजे कानात बसणाऱ्या साच्याच्या, नळीत पाणी साचलंय का बघायचे.

आता तुझं. थेरपीच्या आधी ऑडिओग्राम, म्हणजे किती ऐकू येतं त्याचा आलेख, नवीन काढ आणि मशीनचं प्रोग्रामिंग तपासून घे, आवाजच नीट पोचत नसेल तर थेरपिस्ट तरी काय करणार. बोर्ड बघून कुठेही जाऊ नकोस, थेरपिस्टचा आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेचा, रजिस्ट्रेशन नंबर विचार, आणि मोठ्या वयाच्या कर्णबधिरांबरोबर काम केलंय का हे स्पष्ट विचार, कारण बऱ्याच ठिकाणी लहान मुलंच जास्त असतात आणि तुझ्यासमोर चित्रांची कार्डं ठेवतील. तू तुझ्या ऑफिसचे शब्द, क्लायंटची नावं लिहून ने. पान आणि मान ओठांवर सारखंच दिसतं, तिथे वाक्याच्या अंदाजानेच ओळखावं लागतं, त्याची प्रॅक्टिस माग. वांद्र्याची संस्था 1983 पासूनची आहे, तिथे मोठ्यांनाही बघतात, नाहीतर मुंबईच्या नायर हॉस्पिटलला स्पीच थेरपीचं कॉलेज आहे तिथे विचार.

अजून एक, हे समोर असतास तर बोलता आलं नसतं. तेव्हा मी तुला खुणा करू दिल्या नाहीत, वाटायचं खुणा आल्या की बोलणार नाहीस. पण कॉलेजात मित्रांबरोबर साइन करताना तुला इतकं मोकळं हसताना पाहिलं, आणि मी ते तुझ्यापासून किती वर्षं लांब ठेवलं हे तेव्हा कळलं. चुकले मी. आता थेरपिस्ट म्हणाले साइन बंद कर तर माझ्यासारखं ऐकू नकोस, दुसरा शोध. तुला काय हवंय ते तूच ठरव.

बेराचा रिपोर्ट आणि जुने ऑडिओग्राम कपाटातल्या निळ्या फाइलमधे आहेत, उद्या कुरियर करते. पहिल्या दिवशी मी यायला हवं असेल तर सांग, नको असेल तर तसंही सांग.

आई