84 खनिजं आणि आमच्या भाचीची डबी

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत पांढरं मीठ सोडा आणि सैंधव खा असा लेख आलाय तो वाचला, वाचला म्हणजे काय, आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर दिवसभर तोच फिरत होता. सैंधवात म्हणे 84 खनिजं असतात. असतील बुवा, पण किती असतात ते लेखात कुठेच नाही! सैंधव झालं तरी ते जवळपास सगळं सोडियम क्लोराईडच, 97-98 टक्के, उरलेल्या दोन-तीन टक्क्यांत बाकीची मंडळी एस्टीत बसल्यासारखी दाटीवाटीने. सैंधवाचा तो गुलाबी रंग लोहाचा खरा पण चिमूटभर मिठातून हिमोग्लोबिन वाढत नसतं, त्यापेक्षा लोखंडी कढईत पालेभाजी करा, वर लिंबू पिळा आणि जेवल्या जेवल्या चहा घेऊ नका, लोह अंगी लागायला ते बरं.

माझी तक्रार वेगळीच आहे. सैंधवात जे जवळजवळ नसतंच, ते आयोडीन, त्याबद्दल अख्ख्या लेखात एक ओळ नाही.

आमची भाची तिसऱ्या महिन्यात माहेरी आली ती पर्समध्ये स्वतःची गुलाबी मिठाची डबी घेऊन. मासे खात नाही, अंडं नाही, दूध बघितलं तरी मळमळतं. मी म्हटलं अगं मग आयोडीन येणार कुठून? तर म्हणे मावशी नॅचरल आहे ते. आता मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदर बाईला 250 च्या आसपास, म्हणजे डोळ्याला दिसणार पण नाही एवढंसं. पण पहिले काही महिने बाळाची स्वतःची थायरॉईड (गळ्यातली ग्रंथी, आयोडीनपासूनच हार्मोन बनवते ती) कामाला लागलेली नसते, त्याच्या मेंदूची वाढ आईच्या हार्मोनवर चाललेली असते आणि आईला आयोडीन फारच कमी पडलं तर त्यावेळचं नुकसान नंतर गोळ्या देऊन भरून निघत नाही.

आपल्याकडे नियम असा की मीठ आपल्या हातात येईपर्यंत त्यात आयोडीन निदान 15 पीपीएम हवं, म्हणजे एक ग्रॅम मिठात 15 मायक्रोग्रॅम. आता हिशोब करा, 5 ग्रॅम मीठ म्हणजे साधारण चमचाभर, त्यातून निदान 75 मायक्रोग्रॅम मिळतं. (बरणी गॅसशेजारी उघडी ठेवलीत तर कमी, आमच्याकडे कित्येक वर्षं तिथेच होती.)

पूर्वी कुठे होतं आयोडीनचं मीठ असं आमचे काका नेहमी म्हणतात. नव्हतंच, म्हणून तर गळ्याला गाठ आलेली माणसं दिसायची, गलगंड म्हणायचे त्याला. 1956 पासून डॉ. रामलिंगस्वामी या वैद्यकीय संशोधकांनी हिमाचलातल्या कांगड्याच्या खोऱ्यात काही भागांना आयोडीन घातलेलं मीठ दिलं, काहींना साधं, आणि काही वर्षांत आयोडीनवाल्या गावांत गलगंड चांगलाच कमी झाला. त्यावरूनच 1962 मध्ये देशाचा कार्यक्रम सुरू झाला. 2006 पासून तर थेट खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला बंदी आहे, तरी मॉलमध्ये गुलाबी पाकिटांचा अख्खा रॅक भरलेला असतो, हे कसं काय ते मला कळत नाही.

मला स्वतःला थायरॉईड आहे, रोज उपाशीपोटी गोळी घेते. ते काही मिठामुळे झालं नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, तेव्हा प्रत्येक थायरॉईडचं खापर आयोडीनवर फोडायला मी आलेली नाही. आणि ज्यांना डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलंय त्यांनी त्यांचंच ऐकावं. पण सैंधव चालतं म्हणून बीपीवाले सासरे ताकात दोन चिमट्या जास्त टाकतात, सोडियम त्यातही तेवढंच आहे हो!

सैंधव वाईट असं माझं म्हणणं नाही, उपासाला आमच्याकडे तेच असतं, आईच्या वेळेपासून. पण उपासाचं मीठ रोजचं करायला सांगताना आयोडीनचं काय ते पण छापायला हवं होतं. पुढच्या रविवारी तेवढा खुलासा द्या, आणि जमलं तर त्या 84 पैकी निदान दहांची नावं, 5 ग्रॅम मिठात किती मिळतात त्या आकड्यांसकट.

भाचीची डबी सध्या वरच्या फळीवर साबुदाण्याशेजारी ठेवलीय, एकादशीला काढू.

आपली,
एक जुनी वाचक, नाशिक